भाजलेल्या पेशंटच्या रक्तातली अँटिऑक्सिडंटची पातळी तपासून घ्यावी का? दादा २४ टक्के भाजलाय, नाशिक

सातपूरचा_धाकटा

नमस्कार. माझा मोठा भाऊ पंचवटीत फरसाणाच्या कारखान्यात कारागीर आहे. गेल्या आठवड्यात शेवेचा घाणा काढताना कढई कलंडली आणि कडकडीत तेल उजव्या हातावर, छाती-पोटावर आणि मांडीवर आलं. डॉक्टर २४ टक्के म्हणतात. छाती-पोटावरचं बरंचसं वरवरचं आहे, हात आणि मांडी खोल. वय ४१, वजन ६८ किलो, आधीचा कुठलाच आजार नाही. नाशिकमध्येच ॲडमिट आहे. सुरुवातीचे धोक्याचे दिवस निघाले, आता खोल भागावर ग्राफ्टिंग, म्हणजे दुसरीकडची कातडी काढून लावायचं, ठरलंय.

राउंडला आलेले ज्युनियर डॉक्टर म्हणाले, भाजल्यावर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस फार वाढतो, अंगातले अँटिऑक्सिडंट कमी होतात, म्हणून व्हिटॅमिन सी आणि झिंक चालू केलंय. वहिनीने हे घरी सांगितलं आणि तिथून सगळे कामाला लागले. मावसभाऊ जांभळ्या रसाची बाटली घेऊन आलाय, साडेतीन हजारांची. म्हणतो, यात सगळ्यात जास्त अँटिऑक्सिडंट आहेत, सकाळ-संध्याकाळ ३० मिली द्या. चुलत बहीण म्हणते ग्लुटाथायोनची ड्रिप लावून घ्या. आणि आईचं वेगळंच: आंबट नको, दही नको, वांगं नको, जखमेत पू होतो. अंड्याचा तर प्रश्नच नाही. आई माळकरी, आमच्या घरात अंडं येत नाही.

मला एवढंच विचारायचंय. हा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे नक्की काय? त्याची रक्ततपासणी होते का, आणि नाशिकमध्ये कुठे? पातळी कमी आली तर बाटली द्यायची, नाही आली तर नाही, असं मावसभावाला सांगता येईल. त्याचं मन मोडायचं नाही, पण दादाला काहीबाही द्यायचंही नाही. आणि शुगर आधी कधी नव्हती, आता १९० च्या आसपास येते. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

निफाडचा_बागायतदार

भाऊ, वाचून वाईट वाटलं. आमच्या चुलत्यांच्या पायावर गुऱ्हाळात उकळता रस सांडला होता, त्यांना आम्ही काळे मनुके भिजवून रोज दिले होते. द्राक्षाच्या सालीत आणि बीत भरपूर अँटिऑक्सिडंट असतात असं शेतकरी मेळाव्यात ऐकलंय. बाटलीवर साडेतीन हजार घालवण्यापेक्षा आपल्या बागेतलं द्या. मनुके लागले तर मी पाठवतो, पैसे नकोत.

परीक्षानळी

धाकटे भाऊ, आधी माझी ओळख देते, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बायोकेमिस्ट्री विभागात टेक्निशियन होते, आता निवृत्त आहे. आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाकडे एमडीचे जे प्रबंध जातात, त्यांतल्या काहींसाठी भाजलेल्या पेशंटांच्या रक्ताचे हेच नमुने मी माझ्या हाताने लावलेत. मी डॉक्टर नाही, डोस माझ्याकडून घेऊ नका. पण ही तपासणी काय सांगते आणि काय सांगत नाही, ते मला पक्कं माहीत आहे.

आधी भाजण्याचं. इंग्लंडमधल्या जॅक्सन नावाच्या सर्जनने १९५३ साली भाजलेल्या जखमेचे तीन भाग सांगितले, ते आजही शिकवतात. अगदी गाभ्यातला भाग मेलेला असतो. बाहेरच्या कडेला लाल झालेला भाग आपोआप बरा होतो. या दोघांच्या मध्ये एक भाग असतो, जिथली कातडी जिवंत असते पण रक्तपुरवठा अडखळलेला असतो. हा मधला पट्टा पहिल्या दोन-तीन दिवसांत एक तर वाचतो, नाही तर मरतो, आणि जखम खोल होते. तुमच्या ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची मोठी लढाई इथेच होते.

तिथे होतं काय, तर रक्त थांबतं आणि पुन्हा सुरू होतं. या थांबण्या-सुरू होण्यात प्राणवायूचे अर्धवट, चिडके रेणू तयार होतात. सुपरऑक्साइड हा त्यांतला पहिला. शिवाय जंतूंना मारायला पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्याही मुद्दाम हेच रेणू सोडतात, ते त्यांचं शस्त्रच आहे. उष्णतेने तांबड्या पेशी फुटतात, त्यातलं लोह बाहेर पडतं आणि आगीत तेल ओततं. शरीराला आवरेनासे झाले की हे रेणू पेशींच्या स्निग्ध आवरणावर तुटून पडतात, यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. आणि हे फक्त जखमेपुरतं राहत नाही. २० टक्क्यांच्या वर भाजलं की सगळं शरीरच पेटून उठतं, फुप्फुसं, मूत्रपिंडं, आतडी, सगळ्यांना झळ लागते. तुमचा भाऊ २४ टक्क्यांवर आहे, म्हणून डॉक्टरांनी तो शब्द वापरला.

शरीराकडे याला उत्तर असतं. सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचं एन्झाइम सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, त्याला तांबं आणि झिंक लागतं. मग कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्याचं साधं पाणी करून टाकतात, यातल्या दुसऱ्याला सेलेनियम लागतं. पेशीच्या आवरणात व्हिटॅमिन ई उभं असतं, ते खर्ची पडलं की व्हिटॅमिन सी त्याला पुन्हा कामावर आणतं. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन आणि युरिक ॲसिडसुद्धा यात हातभार लावतात. म्हणजे अँटिऑक्सिडंट हा एक पदार्थ नाही. ती एकमेकांच्या हातात हात घालून चालणारी फळी आहे. बाटलीवाले हेच सांगत नाहीत.

आता पातळी कमी का होते? एक तर ती वापरली जाते. आणि दुसरं, ती जखमेतून वाहून जाते. ड्रेसिंग बदलताना पट्टी कशी ओली चिंब असते ते वहिनींनी पाहिलं असेल. त्या पाण्यात प्रथिनं असतात, झिंक, तांबं, सेलेनियम असतं. स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे मेटे बर्गर यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. जखमेतून ही द्रव्यं किती जातात ते मोजलं, ती शिरेतून भरून दिली, तर छातीचे संसर्ग कमी झाले. संसर्ग कमी झाल्याचा त्यांचा निबंध १९९८ चा आहे. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी झिंक आणि सी चालू केलंय ते बरोबरच आहे. पण जोवर जखम उघडी आहे तोवर हे फुटक्या रांजणात पाणी भरणं आहे. रांजण बुजवतं ते ग्राफ्टिंग. भावाच्या ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसवरचा सगळ्यात मोठा उपाय तोच, आणि तो ठरलेला आहे. मावसभावांना हे नक्की सांगा.

तपासणीचं आता. प्रबंधांसाठी आम्ही मुख्यतः एमडीए मोजायचो, पूर्ण नाव मॅलोनडायअल्डिहाइड. स्निग्ध आवरणं जळून उरलेला तो अवशेष. सीरममधली प्रथिनं ॲसिडने खाली बसवायची, वरचं निवळ घेऊन त्यात थायोबार्बिट्युरिक ॲसिड घालायचं आणि नळ्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या. गार करून रॅकमध्ये लावल्या की रंग दिसतो, गुलाबी. निरोगी माणसाच्या नळीत गुलाबी छटा जेमतेम दिसायची, भाजलेल्या पेशंटची नळी तिच्या शेजारी ठेवली की लांबून ओळखू यायची. मशीनवर ५३२ नॅनोमीटरला आकडा यायचा, पण डोळ्यांना आधीच कळलेलं असायचं. मला त्या रॅककडे पाहून नेहमी पोटात कालवायचं, कारण त्यातल्या बऱ्याच नळ्या स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या बायांच्या असायच्या.

पण याच तपासणीची दुसरी बाजू ऐका. रक्त काढताना सुई नीट लागली नाही आणि तांबड्या पेशी फुटल्या तर आकडा वाढतो. नमुना तासन्‌तास बाहेर राहिला तरी वाढतो. तो गुलाबी रंग फक्त एमडीएमुळेच येतो असंही नाही, दुसरी काही द्रव्यंही तो देतात. आमच्या लॅबचा नॉर्मल आणि दुसऱ्या लॅबचा नॉर्मल जुळत नाही. संशोधनात हे चालतं, कारण तिथे शंभर नळ्या एकाच हाताने, एकाच पद्धतीने लावून दोन गटांची तुलना करायची असते. एका माणसाच्या एका आकड्यावरून औषध ठरवायला ती बनलेलीच नाही.

'टोटल अँटिऑक्सिडंट' नावाची तपासणी कुणी सुचवेल, तिच्यात तर मोठीच फसगत आहे. तिच्या काही पद्धतींमध्ये निम्म्याहून जास्त आकडा एकट्या युरिक ॲसिडमुळे येतो. भाजलेल्या पेशंटची मूत्रपिंडं दमली की युरिक ॲसिड वाढतं, आणि कागदावर दिसतं की अँटिऑक्सिडंट सुधारले! माणूस बिघडतोय आणि रिपोर्ट चांगला येतोय. आणि उलटंही होतं. अंगात दाह असला की झिंक आणि सेलेनियम रक्तातून यकृताकडे, आत खेचले जातात, म्हणून रक्तातला आकडा खरी कमतरता असेल त्याहून कमी दिसतो.

म्हणून स्पष्ट सांगते: ही तपासणी करू नका. नाशिकमध्येही नको, नमुना मुंबईला पाठवूनही नको. आकडा काहीही आला तरी त्यावरून बाटली द्यायची की नाही हे ठरत नाही.

बाटली तर देऊच नका. अशा रसांत पोटॅशियम बरंच असू शकतं, आणि भाजलेल्या पेशंटमध्ये पोटॅशियम आधीच वर-खाली होत असतं, डॉक्टर ते रोज बघत असतात. त्यांना न सांगता ६० मिली काहीही पोटात गेलं तर त्यांचा हिशेब चुकतो. निफाडच्या भाऊंचे मनुके मात्र खाऊ म्हणून, डॉक्टरांना विचारून, मूठभर दिले तर बिघडत नाही. औषध म्हणून नाही.

सातपूरचा_धाकटा

ताई, तुमचे उपकार. वहिनीला सगळं वाचून दाखवलं. ती विचारतेय, ग्लुटाथायोन जर शरीराचं स्वतःचंच असेल तर बाहेरून का नको? आणि शुगरचं राहिलं.

आणखी एक. कढई कलंडली तेव्हा सोबतच्या पोरांनी आधी हळद आणि मग टूथपेस्ट लावली होती. दवाखान्यात ते काढताना दादा फार ओरडला. त्यामुळे काही वाढलं असेल का, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

चंद्रपूरहून_आलेला

मी मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह आहे, गंगापूर रोडला राहतो. परीक्षानळी ताईंशी थोडा मतभेद. जपानमध्ये व्हिटॅमिन सीचे प्रचंड डोस देऊन भाजलेल्या पेशंटांना फायदा झाल्याचा अभ्यास आहे ना? मग अँटिऑक्सिडंट औषध म्हणून चालत नाहीत असं कसं म्हणता?

परीक्षानळी

तो अभ्यास मला माहीत आहे. तनाका आणि सहकाऱ्यांचा, २००० सालचा, एकूण ३७ पेशंट. पहिले २४ तास शिरेतून व्हिटॅमिन सी, दर किलोला दर तासाला ६६ मिलीग्रॅम. ६८ किलोच्या माणसाला किती होतं ते काढून बघा: दिवसाला शंभर ग्रॅमच्या वर. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ५०० मिलीग्रॅमच्या दोनशेहून जास्त गोळ्यांइतकं. त्याने पहिल्या दिवशी सलाइन कमी लागलं, दर किलोला, भाजलेल्या दर टक्क्याला साडेपाच मिलीच्या ऐवजी तीन मिली, आणि सूज कमी राहिली. कारण साधं आहे: त्या मधल्या पट्ट्यातल्या केशवाहिन्या गळायच्या थोड्या कमी झाल्या. मी ते नाकारत नाही. तो अभ्यास मला आवडतोच, कारण ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस ही पुस्तकी कल्पना नाही हे त्याने दाखवलं.

पण तो उपचार भाजल्यानंतर पहिल्या काही तासांत सुरू करायचा, आयसीयूमध्ये, तासातासाची लघवी मोजत. इतकं व्हिटॅमिन सी ऑक्झलेट, म्हणजे खडे धरणारा क्षार, होऊन मूत्रपिंडात साचू शकतं. धाकटे भाऊंच्या दादाला भाजून आठवडा होऊन गेला. ती वेळ गेली, आणि गेली म्हणून हळहळायचंही कारण नाही, तो सगळीकडे रूढ उपचार नाहीच. आता त्याला भाजलेल्या पेशंटसाठी सांगतात तेवढं, म्हणजे दिवसाला अर्धा ते एक ग्रॅमच्या घरातलं सी, जे डॉक्टरांनी लिहिलंय ते, पुरे आहे.

शुगरचा संबंध इथेच येतो. भाजल्यावर ॲड्रेनलिन, कॉर्टिसोल चढे राहतात, इन्शुलिनचं कुणी ऐकत नाही, म्हणून आधी शुगर नसलेल्यालाही १९० येऊ शकते. जखम भरत गेली की बहुतेकांची खाली येते. ती वाढलेली राहू देऊ नयेच, वाढलेल्या साखरेने ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसही वाढतो आणि जंतूंचंही फावतं. पण एक गोष्ट नर्सबाईंना जरूर विचारा: व्हिटॅमिन सी शिरेतून मोठ्या डोसमध्ये चालू आहे का? तसं असेल तर बोटातून रक्त घेऊन पट्टीवर बघतात ती काही ग्लुकोमीटर खोटी जास्त शुगर दाखवतात. मग इन्शुलिन उगाच जास्त दिलं जाण्याचा धोका. अशा वेळी शिरेतल्या रक्ताची लॅबची शुगर धरायची. तोंडाने गोळी असेल तर सहसा ही भीती नाही.

वहिनींचा प्रश्न फार चांगला आहे. ग्लुटाथायोन तीन अमिनो ॲसिडांचं बनतं: ग्लुटामेट, सिस्टीन, ग्लायसीन. पेशी ते स्वतःच्या आत बनवते आणि आतच वापरते. शिरेतून दिलेलं ग्लुटाथायोन रक्तातच झपाट्याने तुटतं, पेशीत जसंच्या तसं जात नाही. भाजलेल्या जखमेसाठी ती ड्रिप उपयोगी पडते असं सिद्ध झालेलं नाही. कच्चा माल द्यावा का, हेही लोकांनी करून बघितलं. ग्लुटामाइन (शरीरात त्याचं ग्लुटामेट होतं) देऊन १,२०० च्या वर भाजलेल्या पेशंटांवर अनेक देशांत मिळून मोठी चाचणी झाली, निकाल २०२२ मध्ये आला: दवाखान्यातून लवकर घरी जाण्यात काही फरक पडला नाही. कितीतरी वर्षं सगळे ग्लुटामाइन द्या म्हणत होते. म्हणून मी मोठ्या दाव्यांच्या बाबतीत इतकी कडक आहे. हे तिन्ही अमिनो ॲसिड साध्या जेवणातल्या प्रथिनांतून मिळतात, आणि खरी गोम जेवणात आहे. त्यावर माझ्यापेक्षा वॉर्डात काम केलेल्या कुणी लिहिलं तर बरं.

सिस्टर_आडगाव

मी लिहिते. बर्न वॉर्डात बरीच वर्षं ड्युटी केली आहे.

धाकटे भाऊ, आधी हळद-टूथपेस्टचं. त्याने काही भलतं झालं असं धरून स्वतःला त्रास देऊ नका, आणि त्या पोरांनाही बोलू नका, त्यांनी मायेनेच केलं. पण कारखान्यात जाऊन त्यांना एकदा दाखवा: तेल उडालं की कपडे, अंगठी, कडं काढायचं आणि नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरायचं. बर्फ नाही, काही चोपडायचं नाही, फोड फोडायचे नाहीत. मग स्वच्छ कापड गुंडाळून दवाखाना. भाजल्यावर तीन तासांपर्यंत हे पाणी उपयोगी पडतं. भट्टीजवळ पाण्याचा नळ आहे का तेही बघा. नसेल तर मालकांकडून लावून घ्या.

आता खाणं. ६८ किलोच्या माणसाला भाजल्यावर रोज किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे १०० ते १३५ ग्रॅम. वरण-भात, दोन पोळ्या आणि पातळ भाजी अशा डब्यात दिवसाला ४० ग्रॅमसुद्धा जेमतेम होतात. बर्न वॉर्डात माझं सगळ्यात जास्त भांडण या डब्याशी झालंय. नातेवाईक शहाळं आणतात, सफरचंद आणतात, आणि माणूस डोळ्यांदेखत वाळत जातो.

आई माळकरी आहेत, त्यांचा मान राखा. घरात अंडं शिजवायचं काही कारण नाही. दवाखान्याच्या किचनमधून उकडलेली अंडी मिळतात का आणि दादा स्वतः खायला तयार आहे का, हे त्यालाच विचारा, निर्णय त्याचा. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं. तो नाही म्हणाला तरी अडत नाही. दूध, पनीर, घट्ट दही, भिजवून उकडलेले सोयाबीनचे वडे, मोड आलेली मटकी, शेंगदाण्याची चटणी, फुटाणे. नागलीच्या पिठाची दुधातली खीर करा, तिच्यात दूध पावडर दोन चमचे जास्तीची घाला. नागलीत प्रथिनं फार नाहीत, पण ती गिळायला सोपी आणि पोट भरतं, दुधाने बाकीचं जुळतं. दर दोन तासांनी थोडं-थोडं. एका वेळी ताट भरून दिलं की वासानेच नको म्हणतात. दवाखान्याने प्रोटीन पावडर लिहून दिली असेल तीच द्या, जिमवाल्या मित्राकडची नको.

आंबटाचं पथ्य मात्र आईंना समजावून सांगावंच लागेल. नवी कातडी धरायला कोलॅजन नावाचं धाग्यासारखं प्रथिन लागतं आणि कोलॅजन नीट विणलं जायला व्हिटॅमिन सी लागतं. लिंबू, आवळा, पेरू हे सगळं जखमेच्या बाजूचं आहे. पेरूत तर संत्र्याच्या कितीतरी पट सी असतं. मी वॉर्डात म्हाताऱ्या बायांना असं सांगायचे: आई, आंबटाने जखम चिघळते असं जुन्या काळी म्हणायचे, कारण तेव्हा पाणी आणि पट्ट्या स्वच्छ नसायच्या, पू व्हायचाच, आणि दोष ताटावर जायचा. सहसा पटायचं. नाही पटलं तर ड्युटीवरच्या डॉक्टरांच्या तोंडून वदवून घ्या, त्यांचं ऐकतात.

झिंकबद्दल एक. डॉक्टरांचं झिंक चालू असताना बाहेरून मल्टिव्हिटॅमिन, आणखी झिंक असं चढवू नका. जास्त झिंक पोटात गेलं की तांबं शोषलं जात नाही, आणि तांबंही जखमेतून जातच असतं.

ऑपरेशनच्या आणि मोठ्या ड्रेसिंगच्या दिवशी उपाशी ठेवतात. नंबर लांबला की अख्खा दिवस उपास घडतो. सकाळीच नम्रपणे विचारा: किती वाजता घेणार, तोवर काय देता येईल, आणि नंतर लगेच कधी सुरू करायचं. आठवड्यात दोन-तीन दिवस असे गेले तर सगळ्या गोळ्या देऊनही उपयोग नाही.

आणि खर्चाचा ताण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांचे उपचार येतात. तुमचा दवाखाना योजनेत असेल तर आरोग्यमित्र बसतो, त्याला आजच भेटा. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग होत नाही.

चंद्रपूरहून_आलेला

परीक्षानळी ताई, वेळेचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. धन्यवाद. धाकटे भाऊ, सिल्व्हरचं ड्रेसिंग किंवा औषध कुठे मिळत नसेल तर मला निरोप करा, शोधून देतो.

सातपूरचा_धाकटा

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला आज डॉक्टरांनीच सांगितलं, लिंबू सरबत स्वतःच्या हाताने करून आणते म्हणाली. दादा अंडं नको म्हणाला, आईला कळलं तर तिला बरं वाटणार नाही म्हणून. मग सोयावडे आणि पनीर सुरू केलंय. मावसभावाला ताईंचं रांजणाचं उदाहरण सांगितलं, तर त्याने बाटली परत नेली आणि रक्तदानाला नाव दिलं, ग्राफ्टिंगला रक्त लागू शकतं म्हणून. आरोग्यमित्र भेटले, कागद दिलेत.

शुगरची पट्टीची आणि लॅबची दोन्ही बघून घेतली, फारसा फरक नाही. सी तोंडानेच चालू आहे.

शेवटचा प्रश्न. घरी आणल्यावर या गोळ्या किती दिवस? आणि तेव्हा तरी कुठली तपासणी करायची का? दादा तंबाखू खातो, तेही सांगतो.

परीक्षानळी

मावसभावांचं ऐकून फार बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

गोळ्या किती दिवस ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, दुकानदाराला विचारून चालू ठेवू नका. पण जखम भरली म्हणजे शरीर शांत झालं असं नसतं. मोठ्या भाजण्यानंतर शरीराची आतली भट्टी महिनोन्‌महिने, कधी वर्ष-दोन वर्षंही जोरात चालू राहते, स्नायू झिजत राहतात. म्हणून प्रथिनांचा डबा डिस्चार्जनंतरही तसाच ठेवायचा. फिजिओथेरपी सांगितली असेल ती चुकवायची नाही, हाताला तर नाहीच, तो कारागिराचा उजवा हात आहे.

तपासणीच करायची तर व्हिटॅमिन डीची करा, डॉक्टर हो म्हणाले तर. भाजलेली कातडी आणि तिची खूण उन्हापासून डी नीट बनवू शकत नाही, आणि नवीन कातडीला वर्षभर तरी ऊन लागू द्यायचं नसतं, ती काळवंडते. म्हणजे डी कमी पडण्याची दोन्ही कारणं जमून येतात. ही तपासणी साधी आहे, कुठेही होते, आणि कमी आली तर काय करायचं ते ठरलेलं आहे. हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन ते बघतीलच.

तंबाखू आता दवाखान्यात सुटलीच आहे, ती घरी आल्यावर सुरू होऊ देऊ नका. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात, आणि नवी ग्राफ्ट त्यांच्याच जिवावर जगते. विडी असेल तर तिच्या धुरात हेच चिडके रेणू भरलेले असतात आणि व्हिटॅमिन सी खर्ची पडतं. डॉक्टरांना तंबाखूचं सांगितलंय ना? नसेल तर उद्या सांगा, भूल देणाऱ्यांनाही ते माहीत पाहिजे.

आणि घरी वजनकाटा नसेल तर शेजारच्या मेडिकलमधला चालेल. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी, तारीख घालून वजन वहीत लिहा. ६८ वरून सुरुवात करा. दोन आठवडे सलग खाली गेलं तर फॉलोअपची तारीख यायची वाट बघू नका, वही घेऊन ओपीडीत जा.